शिंकेचं वळण

पुण्यात दुचाकी चालवणारा असा एकही माणूस नसेल, ज्यानं आयुष्यात एकदा तरी माझ्या आत्याला मागं टाकलेलं नाही. मोटारी आणि रिक्षांचं मी बोलतच नाही. सायकलवरून दूध घालणारे, शाळेला निघालेल्या मुली, उसाच्या रसाची गाडी ढकलत नेणारा माणूस, आणि एकदा तर काठी टेकत फिरायला निघालेले एक पेन्शनर आजोबा, या सगळ्यांना तिच्या पुढं जाताना मी तिच्या मागच्या सीटवर बसून पाहिलं आहे. आजोबा तर पुढं गेल्यावर थांबले आणि वळून म्हणाले, "बाई, काही बिघडलंय का?" आत्या म्हणाली, "नाही हो, उत्तम चाललंय. तुम्ही व्हा पुढं." तिच्याकडे काळ्या रंगाची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल होती. तिचे पहिले दोन गिअर आत्या रोज वापरत असे. तिसरा तिनं अडीअडचणीसाठी राखून ठेवला होता. आणि चौथा, माझी खात्री आहे, कारखान्यातून आला तसाच्या तसा होता.

आमचा फ्लॅट धायरीला. समोरच्या दारात आत्या एकटी राहायची, अजूनही राहते. तिची सरकारी कचेरी स्टेशनजवळ. सिंहगड रोडनं सरळ जाता येत असताना आत्या कालव्याच्या कडेनं जायची, कारण कालवा जिथं वळतो तिथं तो का वळतो हे तिला माहीत होतं आणि ते रोज तपासून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. सलवार-कमीज, त्यावर बाबांचा टाकून दिलेला शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट आणि डोक्यावर एखाद्या खाणकामगाराचं वाटावं असं हेल्मेट, हा तिचा वेष. तिचा हॉर्न मी कधी ऐकला नाही. समोर कुणी आलं तर ती माणसासारखं सांगायची, "अहो, जरा सरकता का?" तिचा वेग असा होता, की हे वाक्य पूर्ण व्हायला, समोरच्यानं ते ऐकायला, त्यावर काहीतरी टोचून बोलायला आणि मग सरकायला भरपूर वेळ मिळे. उजवीकडे वळायचं असलं की वळणाच्या कितीतरी आधी तिचा उजवा हात बाहेर येई, पूर्ण लांब, तळवा आकाशाकडे. एकदा गणपतीच्या दिवसांत एका मांडवासमोरून जाताना तिच्या त्या पसरलेल्या हातावर कुणीतरी प्रसाद ठेवला. आमच्या घरात गणपती बसत नाही. भिंतीवर बुद्धमूर्तीसाठी केलेला लाकडी कोनाडा आहे आणि सकाळी वंदना होते. आत्यानं प्रसाद खाल्ला. "साजूक तुपातला होता," ती म्हणाली. "आणि चालत्या गाडीवरून परत कसा करणार?"

लग्नसराईत तर एकदा कमालच झाली. सिंहगड रोडवर एक वरात निघाली होती आणि वरातीचा वेग नेमका आत्याच्या वेगाशी जुळला. घोड्याच्या पुढं आत्याची गाडी, मागं बँड. सुरुवातीला लोकांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं. मग हळूहळू सगळ्यांना ती वरातीचाच भाग वाटायला लागली. कुणीतरी हेल्मेटवर अक्षता टाकल्या. कार्यालयापाशी एका मामांनी तिची गाडी सावलीत लावून दिली आणि "मुलाकडच्या ना? पहिल्या पंगतीला बसा" म्हणून आत नेलं. ती बसली. संध्याकाळी घरी आल्यावर बाबा म्हणाले, "अगं ताई, नाही म्हणायचं होतं!" आत्या म्हणाली, "म्हणणार होते. तेवढ्यात जिलबी आली."

मी स्वभावानं लाजरी. इंग्रजी शाळेत गेले, तिथं न बोलणाऱ्या मुलीला शहाणी समजतात, त्यामुळे माझ्या न बोलण्याला बक्षिसंही मिळाली. पुढं कॉलेजला मी आत्याच्या मागं बसून जायची, तेव्हा पुण्यातल्या सगळ्या मुलींसारखा मीही चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळायची. बाकीच्या मुली उन्हासाठी आणि धुरासाठी गुंडाळत. मी ओळखू येऊ नये म्हणून. पण तोंड लपवायला वेगही लागतो, हे मला आत्याच्या गाडीवर कळलं. आमच्या शेजारून जाणाऱ्या प्रत्येकाला मला नीट पाहायला, माझी बॅग ओळखायला आणि "हाय" म्हणून हात हलवायला सवड मिळे.

आणि त्यात तिची रस्ता विचारायची सवय. रस्ता माहीत असतानाही ती विचारायची. गाडीचा मेकॅनिक कसबा पेठेत होता आणि ती वीस वर्षं त्याच्याकडे जात होती, तरी प्रत्येक खेपेला चौकात गाडी थांबवून ती कुणाला तरी विचारे, "अहो, हा रस्ता पुढं निघतो ना?" एकदा एका चष्म्याच्या दुकानदारानं मान वर न करता उत्तर दिलं, "बाई, गेल्या महिन्यात निघत होता. आज मी पाहिलेला नाही." मी स्कार्फमध्ये मेले. आत्या मात्र खूश. "बघ, त्याला आपण लक्षात आहोत," ती म्हणाली. तिचं म्हणणं असं, की रस्ता माहीत असतो तो कागदावर. प्रत्यक्ष जाताना तिथल्या माणसाला विचारूनच जावं. न विचारता कुणाच्या दारावरून जाऊ नये.

तो मेकॅनिक म्हणजे आमचे चाचा. त्यांच्या वडिलांचंही तिथंच सायकलचं दुकान होतं. ते दरवर्षी आत्याच्या गाडीचा सायलेन्सर उघडत आणि त्यातून निघालेली काजळी एका वर्तमानपत्रावर ओतून पुराव्यासारखी तिच्यासमोर ठेवत. "ताई, ही गाडी म्हातारी नाही झालेली. तुम्ही तिला बसवून ठेवलंय. एकदा सासवडपर्यंत जोरात पळवा, सगळा कार्बन जळून जाईल." आत्या त्या काळ्या ढिगाकडे कौतुकानं पाहत म्हणायची, "असू दे हो. आयुष्यभरात काहीतरी साठलं पाहिजे."

या सगळ्या हळूपणाचं मूळ तिच्या नोकरीत होतं. ती ट्रेसर होती. साहेबांनी आणि सर्व्हेअरनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर मेणाचा हात दिलेलं पातळ कापड ताणून बसवायचं आणि खालची प्रत्येक रेघ शाईनं वर उतरवायची. धरणं, कालवे, पूल, धरणाच्या पाण्याला वळसा घालून जाणारे रस्ते, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. शाईच्या रेघेला घाई चालत नाही, ती म्हणे. हात पळाला की रेघ बारीक होते, थबकला की फुगते. त्यामुळे तिच्या सगळ्या हालचालींना एकच गती लागली होती, पोळी लाटण्यापासून गाडी चालवण्यापर्यंत. माझ्या पहिल्या वाढदिवसाचं आमंत्रण तिनं हातानं लिहिलं होतं. अक्षरं छापल्यासारखी, खाली आमच्या घराचा नकाशा, आणि कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवणारा बाण.

ती निवृत्त झाली त्याच सुमारास कचेरीत कॉम्प्युटर आले. ड्रॉइंग बोर्ड गोदामात गेले आणि त्यांच्या जागी काचेच्या केबिनमध्ये पोरं येऊन बसली. निरोपाचा नारळ घेऊन ती घरी आली, तेव्हा तिला वाईट वाटलं असेल म्हणून मी चहा करून दिला. ती म्हणाली, "अगं, आता चूक झाली तर बटण दाबतात. गेली! ब्लेड नाही, खरवडणं नाही, काही नाही." तिच्या आवाजात मला वाईट वाटण्यापेक्षा हेवा जास्त ऐकू आला. मग कपातल्या चहाकडे बघत ती म्हणाली, "तू बोलत नाहीस म्हणून तुला सांगते."

गोष्ट तिच्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली होती. भोरच्या पलीकडे धरणाचं पाणी चढल्यावर जुना रस्ता बुडणार होता आणि पाण्याच्या कडेनं नवा रस्ता जायचा होता. त्याचा नकाशा ट्रेस करायला तिच्याकडे आला. रेघ डावीकडून उजवीकडे सरळ निघाली होती, शाई छान उतरत होती, आणि तेवढ्यात तिला शिंक आली. रूलिंग पेन एवढंसं सरकलं. रेघेला पोट सुटलं. अशी चूक झाली की ब्लेडनं हलकेच खरवडून काढायची रीत असते, पण त्या ठिकाणी सर्व्हेअरच्या एका दुरुस्तीमुळे कापड आधीच एकदा खरवडलं गेलं होतं. पुन्हा खरवडलं असतं तर भोक पडलं असतं. नकाशाला भोक म्हणजे त्या काळी नोकरीला भोक, आणि ती तात्पुरती होती. घरात पगार आणणारं तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. "मग मी काय केलं," आत्या म्हणाली, "शिंकेच्या दोन्ही बाजूंनी रेघ जरा गोलाई देऊन घेतली. शिंक होती, तिचं वळण केलं. इतकं छान झालं, की साहेब म्हणाले, मुलीचा हात चांगला आहे. तीन सह्या झाल्या आणि नकाशा गेला."

"मग?" मी विचारलं.

"मग काय! रस्ता तसाच बांधला असेल तर? त्या वळणाच्या पोटात कुणाचं घर असलं तर? विहीर असली तर? माझ्या शिंकेसाठी कुणाचं काय गेलं, मला माहीत नाही."

लहानपणापासून मी आत्याची सकाळची वंदना ऐकत आले होते. पाच शिलांपैकी चौथं, खोटं न बोलण्याचं, आलं की तिचा आवाज एकदम खाली जायचा. मला वाटे, तिथं तिला श्वास कमी पडतो.

आता तिला तिथं जायचं होतं. स्वतः, एकटीनं, गाडीवरून. इतकी वर्षं का गेली नाहीस, असं मी विचारलं, तर म्हणाली, "नोकरीत असताना खात्याची चूक बघायला जायचं नसतं. आता मी खात्यात नाही." जे गेलं असेल ते बघायचं आणि ज्याचं गेलं त्याला तोंडावर सांगायचं, की ही चूक माझी. एवढं तिनं ठरवलं होतं, आणि आत्यानं एखादी गोष्ट ठरवली की ती शाईनं ठरलेली असे.

बाबांना तिनं फक्त "भोरकडे जाऊन येते" एवढंच सांगितलं. तेवढ्यानंच घरात रणकंदन झालं.

"गाडीवरून? या वयात? ताई, मी जीप ठरवतो. हायवेनं गेलीस की जेवायच्या आत पोचशील."

"जीपमध्ये वळण ड्रायव्हर घेतो. मला ते मी घ्यायचंय."

"कसलं वळण?"

"आहे एक."

"मग निदान हायवेनं तरी जा. जुना घाट कशाला?"

"मी त्या रस्त्याची रेघ ज्या वेगानं काढली, त्याच वेगानं जाणार. हायवेला तो चालत नाही. लोक मागून शिव्या देतात."

"आणि हिला तरी घेऊन जा सोबत."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. दोघींनाही माहीत होतं की हे एकटीचं काम आहे. बाबांनी मग शेवटचं शस्त्र काढलं; गाडीची किल्ली खिशात घालून ते कामावर निघून गेले. आत्यानं चाचांना फोन केला. त्यांच्याकडे दुसरी किल्ली होती.

थंडीचे दिवस होते. आत्या सकाळी निघाली आणि आम्ही फोनपाशी बसलो. पुष्कळ वेळानं पहिला फोन आला. बाबांनी झडप घातली. "कुठं आहेस? भोरला?"

"कात्रजला. डेअरीसमोर. इथं ताक चांगलं आहे."

"अजून कात्रजला! चालत गेली असतीस तरी पोचली असतीस!"

"चालत गेले असते तर गाडी कुणी आणली असती?" म्हणून तिनं फोन ठेवला. दुसरा फोन दुपारी भोरमधल्या बूथवरून. वाटेत तिनं किती जणांना रस्ता विचारला आणि त्यातल्या कुणाच्या मुलीचं लग्न ठरत नाही, हे तिनं सविस्तर सांगितलं. नंतर फोन नाही. संध्याकाळी एका अनोळखी माणसाचा निरोप आला, की तुमच्या आक्का आमच्या गावात मुक्कामाला आहेत, जेवल्या आहेत, काळजी करू नका. बाबा त्या रात्री न जेवता झोपले. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर गाडीचा फटफट आवाज आला तेव्हा ते गॅलरीत गेले नाहीत. पेपर उघडून बसले. पेपर उलटा होता.

आत्याच्या केसांत, शर्टात, कानांत पिवळसर भुसा होता आणि गाडीला एक पोतं बांधलं होतं. तिनं मला तिच्या घरी नेलं, दार लोटलं आणि सांगायला बसली. त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. का, ते कळेलच.

"वळण यायच्या आधी मला वाटलं, इथंच गाडी लावावी आणि परत फिरावं. पण म्हटलं, नाही, आलेय तर घ्यायचं. आणि आलं बघ. रस्ता पाण्याच्या कडेनं सरळ येतो, आणि काही कारण नसताना, अगदी काही कारण नसताना, पोट पुढं काढतो."

"तुझ्या शिंकेएवढंच?"

"तेवढंच. फक्त नकाशाच्या प्रमाणात."

वळणावर डांबरावर हुलग्याची वाळलेली झाडं पसरलेली होती, जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली मळणी व्हावी म्हणून. कडेला एक म्हातारे गृहस्थ दाताळं घेऊन बसले होते. आत्या थांबायला लागली तसे ते ओरडले, "आक्का, थांबू नका! वरनं जाऊ द्या!" ती गेली. "आता माघारी या!" ती माघारी आली. म्हातारबाबांनी चार शेंगा उचलून पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "जीपवालं भसाभसा येत्यात, निम्मं दानं नाल्यात उडवत्यात. तुमची गाडी बेस हाय. दाना फुटंना, उडंना. आनखी जरा फिरता का?"

असा माणूस आत्याला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. तिच्या वेगाची कुणी स्तुती केली नव्हती, आणि इथं कुणाला तरी तो हवा होता. ऊन उतरेपर्यंत ती त्या वळणावरून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरत राहिली. पुष्कळ दाणा पडल्यावर आबांनी (सगळे त्यांना आबाच म्हणत) तिला चहा दिला, आणि तेव्हा तिनं मनाचा हिय्या करून विचारलं, "आबा, रस्ता इथं का वळला?"

"हितं माझं खळं व्हतं," आबा म्हणाले.

आत्याचा कप हातातच राहिला. घर नाही, विहीर नाही, खळं. पिढ्यान्‌पिढ्या सारवलेली, दगडासारखी टणक झालेली मळणीची जागा. ती गेली म्हणून तर हा माणूस रस्त्यावर हुलगे पसरून बसला होता.

"मग?"

"मग काय, सायेब आलं नकाशा घिऊन. रस्ता हितनंच जानार म्हनलं. म्या लय भांडलो. पर त्यो नकाशा काढनारा सायेब लय हुशार व्हता म्हनत्यात. सरळ काढला असता तर पावसाळ्यात रस्ता खाली बसला असता. जमिनीच्या पोटातलं त्याला पुन्यात बसून कळलं! मग म्या म्हनलं, कामाचं असंल तर जाऊ द्या खळं."

आत्यानं कप खाली ठेवला आणि सांगितलं. शिंक, कापड, ब्लेड, सगळं. साहेब नव्हता, मी होते, आणि मी हुशार नव्हते, मला सर्दी झाली होती. आबा आधी हसले. खोकला येईपर्यंत हसले. "आक्का, सरकार काय शिंकून रस्तं काढतंय व्हय!" मग तिच्या तोंडाकडे बघून ते हसायचे थांबले. वळणाकडे बघत त्यांनी विचारलं,

"हे आनखी कुनाला सांगितलंसा?"

"माझ्या भाचीला."

"तिला म्हनावं गप ऱ्हा."

"ती गप्पच असते."

"आक्का," आबा म्हणाले, "ते खळं गेलं तवा माझ्या मालकिनीनं चूल पेटवायची सोडली व्हती. लग्न हून आली तवापास्नं तिनं सारवलेलं. म्या तिला ह्या हुशार सायबाचं सांगून उठवली. हजारदा सांगितलं आसंल. ती गेली आता. पर तिला खोटं पाडू नगा." आणि मग, दाताळं उचलत, तिच्याकडे न बघता, "सायेब हुशारच व्हता. काय?"

एवढ्या वर्षांनी, एवढ्या हळू, एवढ्या लांब ती जे सांगायला आली होती, ते सांगून झालं होतं आणि ते कुणालाच नको होतं.

"होता," ती म्हणाली.

माझ्या समोर बसून केसांतला भुसा झटकत आत्या म्हणाली, "गेले होते एक खोटं निस्तरायला. आले दुसरं घेऊन. आणि हे तर जाणूनबुजून." मग तिनं पोतं उघडलं. आबांनी मळणीची मजुरी म्हणून हुलगे दिले होते. आम्ही तो सगळा हिवाळा शेंगोळी खाल्ली. बाबांनी राग सोडला नव्हता, पण ताटली पुढं करत होते.

त्यानंतर आत्या दरवर्षी जाऊ लागली. एकदा चुलत घरच्या लग्नालाही ती गेली नाही, पण हुलगे रस्त्यावर आले की ही निघाली. एकटी, जुन्या घाटानं, दोन गिअरमध्ये. इकडे पुणं सुसाट बदलत होतं. धायरीच्या शेतांत इमारती उगवल्या, सहा पदरी रस्ते आले, आमच्या गल्लीतली मुलं अमेरिकेला जाऊन परत आली, आणि आत्या मात्र दर हिवाळ्यात स्वतःच्या शिंकेवरून मळणी करत फिरत होती. सकाळच्या वंदनेत चौथ्या शिलाशी तिचा आवाज आता खाली जात नव्हता. तिथं ती थांबायची, आणि मग ते शील सावकाश, शब्द न् शब्द सांभाळून म्हणायची. निसरड्या रस्त्यावर ती गाडी घ्यायची तसं.

मला आयटी कंपनीत टेस्टरची नोकरी लागली. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. एखादी चूक हातून निसटून पुढं गेली, की पुढचे लोक तिच्यावरच आपलं काम बांधत जातात, आणि मग ती काढायला गेलं की सगळंच ढासळतं. मीटिंगमध्ये सगळे अशा वेळी वैतागतात. मी काही बोलत नाही, पण मला हुलगे दिसतात.

या वर्षी आत्याच्या गुडघ्यांनी नकार दिला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. गाडी खाली पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. थंडी पडली तशी आत्या कॅलेंडरकडे बघायला लागली. एका शनिवारी जेवताना मी म्हटलं, "मी जाते."

"कशावरून?" बाबांनी विचारलं.

"गाडीवरून."

"हायवेनं?"

"नाही."

बाबांनी आत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खिशातून किल्ली काढून माझ्या ताटाशी ठेवली.

गाडी चालवायला मला आत्यानंच शिकवलं होतं, कालव्याच्या कडेला. मी स्कार्फ बांधून निघाले. कात्रजला ताक प्यायले. जुन्या घाटात मला सगळ्यांनी मागं टाकलं, आणि पहिल्यांदाच मला ते अपमानाचं वाटलं नाही. भोरच्या पुढं जिथं रस्ता फुटतो तिथं मी थांबले. कुठं जायचं ते मला माहीत होतं. आत्यानं कागदावर काढून दिलं होतं, उत्तरेच्या बाणासकट. तरी टपरीवरच्या बाईंना विचारायचं ठरवलं. तोंडातून शब्द फुटेना. मग मी स्कार्फ सोडला. "मावशी, हा रस्ता पुढं निघतो ना?" बाई म्हणाल्या, "निगतो की. पर लय फिरून जातो." मी म्हटलं, "चालेल."

वळणावर हुलगे होते आणि आबाही होते, पूर्वीपेक्षा लहान झाल्यासारखे. गाडी बघून ते उठले, माझा चेहरा बघून बसले. "आक्का न्हाई आल्या?"

"गुडघे दुखतात. मी भाची."

"गप ऱ्हाती ती?"

"तीच."

त्यांना हसू आलं. मग त्यांनी दाताळ्यानं पलीकडे दाखवलं. वळणाच्या दोन टोकांना जोडणारी पांढऱ्या फक्कीची एक सरळ रेघ शेतातून गेली होती आणि तिच्यावर लाल डोक्याच्या खुंट्या ठोकल्या होत्या. वर डोंगरात बंगल्यांची स्कीम होणार आहे, त्यासाठी रस्ता रुंद आणि सरळ करणार आहेत. "मशिन लावून मोजलंय. कंप्युटरवर काढलंय म्हनत्यात," आबा म्हणाले. "म्या सांगितलं त्यास्नी, हात लावू नगा, लय हुशार सायबानं काढलेला रस्ता हाय ह्यो. ऐकत न्हाईत."

"म्हणजे खळं परत मिळेल का तुम्हाला?"

"मिळंल बी. पर आता खळ्यावर मळायचं कुनी? पोरगं पुन्यात कंपनीत हाय." त्यांनी रस्त्यावरचे हुलगे सारखे केले. "बसू नका आता. ऊन हाय तवर वरनं फिरा."

मी फिरले. दुसऱ्या गिअरमध्ये, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. चाकाखाली शेंगा फुटायचा बारीक आवाज येत होता. सरळ येताना काही वाटत नसे; पोटाशी आलं की गाडी आपोआप किंचित कलायची, आणि तेवढ्या वेळापुरती मी त्या मुलीच्या हातात असायची, जिला शिंक आवरली नव्हती आणि जिनं घाबरूनसुद्धा हात थरथरू दिला नव्हता.

घरी आले तेव्हा आत्या टेबलापाशी बसली होती. बाबा गॅलरीत होते. आत्यानं पहिलं विचारलं, "पोटाशी कुठल्या गिअरमध्ये होतीस?"

"दुसऱ्या."

"बरं."

मग मी खुंट्यांचं सांगितलं. आबांनी काय सांगून पाहिलं, तेही सांगितलं. आत्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. "चला," ती म्हणाली, "दुरुस्त केलं म्हणायचं शेवटी कुणीतरी. तीन सह्या लागल्या असतील." जरा वेळानं म्हणाली, "तू लिहितेस ना अधूनमधून काहीतरी? लिही हे. गावाचं नाव मात्र घालू नकोस."

मी पिशवीतले हुलगे निवडायला म्हणून टेबलावर वर्तमानपत्रावर ओतले आणि पसरले. आत्याला आता खडे नीट दिसत नाहीत. तरी तिनं पेपर जवळ ओढला. तिचं बोट हुलग्यांमधून डावीकडून उजवीकडे निघालं, तिच्या नेहमीच्या वेगानं, आणि मागं एक स्वच्छ रेघ उमटत गेली. बोट सरळ आलं, मधे एका जागी क्षणभर थांबलं, आणि काही कारण नसताना, अगदी काही कारण नसताना, वळलं.